ताई नक्की राहते कुठे?

रविवार, ९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, गॅस बंद करूनच घराबाहेर पडते. तू विचारायच्या आत सगळी हजेरी देऊन टाकली.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींची बदली झाली आणि ते पुढच्या महिन्यात निघणार हे वाचलं. तू विचारलंयस, ‘यांच्याबरोबर जाऊ, की तुझ्याकडे परत येऊ? तू तिथे एकटी. एक शब्द टाकलास तरी येते.’ त्यावर येतेच, पण आधी माझी बातमी ऐक. मला ‘घाई’ हे नाव तूच ठेवलंस, पण फोनवर तूच या घाईला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

ताई, मी केलेलं काम काल प्रत्यक्ष चालू झालं! आपलं कौतुक आपण करू नये म्हणतात. पण इथे दुसरं कोणी रिकामं नाही, तेव्हा मीच करते.

आमच्या रुग्णालयात रक्ताचे रिपोर्ट आजवर एकाच अगडबंब जुन्या प्रोग्रॅममधून जायचे. त्याचं एक बोट दुखलं की तो सगळाच अंथरूण धरायचा आणि खाली माणसं बाकांवर ताटकळत बसायची. त्याच्या जागी मी तीन छोटे प्रोग्रॅम लिहिले. पहिला प्रयोगशाळेतून रिपोर्ट घेतो, दुसरा तपासतो, तिसरा रुग्णाच्या फोनवर पाठवतो. एखादा आजारी पडलाच, तर रिपोर्ट रांगेत थांबतात, हरवत नाहीत.

त्यांना नावं द्यायची होती. लोक ग्रह-ताऱ्यांची देतात, मी घरातली दिली. दारात बसून येईल ते आत घेते ती आत्या. गल्लीभर बातमी पोचवते ती काकू. आणि मधली, नाव-वय-नंबर ताडून पाहिल्याशिवाय काही म्हणजे काही पुढे सोडत नाही, ती कोण असणार? माझं दप्तर रोज कोण तपासायचं?

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळं दिसतं. ‘आत्याने रिपोर्ट घेतला. ताईने तपासला. काकूने पाठवला.’ ते वाचून आमच्या प्रमुख बाईसुद्धा हसल्या, आणि त्या वर्षातून एकदाच हसतात. माझ्या शेजारी बसतो त्याला आम्ही आजोबा म्हणतो. वय बत्तीस, पण स्वभाव पेन्शनीतला. तो म्हणाला, “काकूला जपून वापर. नको ते पसरवेल.”

माझ्या संगणकावर तिघी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. काल दुपारी त्यांना रुग्णालयाच्या मोठ्या यंत्रांवर हलवलं, प्रत्येकीला आपापली जागा दिली आणि जुना प्रोग्रॅम बंद केला. लगेच पडद्यावर ओळी यायला लागल्या, ‘ताई उत्तर देत नाही. पुन्हा प्रयत्न. ताई उत्तर देत नाही.’

बघितलं तर ताई मजेत चालू होती, कामाची वाट बघत बसली होती. आत्याही चालू होती. पण दोघींची गाठच पडेना.

“जुना परत चालू करूया का?” आजोबा म्हणाला. “चालत होता बिचारा.”

“नको,” मी म्हणाले. “थोडं थांबा.”

प्रमुख बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “अगं, पण ही तुझी ताई नक्की राहते कुठे?”

“कुठे म्हणजे? घरातच!”

“कोणाच्या घरात?”

मी आत्याला दिलेला ताईचा पत्ता उघडून बघितला. माझ्या संगणकावर तिघी एकाच छपराखाली होत्या, म्हणून ताईला शोधायचा पत्ता मी ‘इथेच, आपल्याच घरात’ असा लिहिला होता. आमच्या धंद्यात त्याला लोकलहोस्ट म्हणतात. आता घरं वेगळी झाली होती, तरी आत्या बापडी स्वतःच्याच खोल्यांतून ताईला हाका मारत फिरत होती. तिथे ताई सापडणार कशी?

मी ताईचा खरा पत्ता लिहिला, आणि रांगेत अडकलेले रिपोर्ट एकामागून एक सुटले. एकही हरवला नाही. ती रांग माझी बरं का! मला राहवेना, खाली बघायला गेले. बाकावर एक बसचालक गणवेशातच बसला होता. त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि बायकोला म्हणाला, “आला गं! सगळं ठीक आहे. ऊठ, घरी चल.” माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. मी मात्र जिन्यात एकटीच अभिमानाने फुगून उभी होते.

असो. किती वेळ इकडचं-तिकडचं सांगणार? आता तुझा प्रश्न.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ‘ये’ एवढंच लिहायला बसले होते. खोटं कशाला बोलू? तुझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी मी संध्याकाळी दार उघडून ‘आले गं’ म्हणते. तुझी खोली मी हलवलेली नाही. आई-बाबांच्या मागे तू मला वाढवलंस, माझ्यापायी स्वतःचं लग्न चाळिशीपार ढकललंस. आणि मी आपली धरून बसले, की ताई इथेच आहे, जरा बाहेर गेलीय. काल बाईंना ‘घरातच’ म्हणाले, ते नुसतं प्रोग्रॅमबद्दल नव्हतं.

राहायला येऊ नकोस, ताई. भाऊजींबरोबर जा. हे लिहिताना रडू येतंय, पण तरीही जा. मला जमतंय. चांगलं जमतंय.

लग्नानंतर तू एकदा म्हणाली होतीस, “बाकीच्या बायका माहेरी जातात. मी कुठे जाऊ? माझ्या माहेरी माझी वाट बघणारी मीच होते.” तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. आता नेणार नाही. नवं घर लागलं की महिनाभर ये. उशिरा ऊठ, आयता चहा पी, माझ्या स्वयंपाकाला पोटभर नावं ठेव. भांड्याला हात लावायचा नाही. निघताना बॅग मी भरून देईन, आणि तू वळून बघशील तेव्हा दारात मी उभी असेन.

तुझं माहेर,
घाई