मनकवड्याची किंमत

सोमवार, ३ तारीख

दादा म्हणतोच कसा, की मी महिनाभरसुद्धा कुठे टिकणार नाही? गाडीत बसवतानाही तेच तुणतुणं. आता बघ म्हणावं. टेबलावर मांडून खेळायचे साहसखेळ बनवतात, तिथे लागलो. राक्षस, तलवारी, फासे, पत्ते. माझं काम पुठ्ठा कापायचं. खोलीला मोठी खिडकी आहे, वर भिंतीला ओल नाही. मालक तोंडाचे फटकळ, पण मनाचे बरे. पत्त्यांवर चित्रं काढणाऱ्या ताईनं माझं अक्षर पाहून विचारलं, कागदावर कोंबडी सोडली होतीस का. मजेत आहे एकूण.

शनिवार, ८ तारीख

मालक मुठीत काय लपवतात ते मी लागोपाठ ओळखलं. ते म्हणाले, मनातलं ओळखणारं पात्र आपल्याकडे नाही, तूच रच. सातवी नापास माणसाला सांगतात. नाव ठेवलं मनकवडा. समोरच्याचा पत्ता, त्याचा पुढचा डाव, याला आधीच कळतो.

पण इथली रीत अशी, की प्रत्येक शक्तीला किंमत लावायची, आणि ज्यानं पात्र रचलं त्यानं पहिल्या चाचणीत ती खरोखर भरायची. ताईनं आंधळा तिरंदाज रचला, तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून खेळली. मालकांनी हमाल-राक्षस रचला, तर पाठीवर पोतं घेऊन खेळले. अजून कंबर धरून चालतात. म्हटलं, आपण कशाला हाल करून घ्या? पत्त्यावर लिहिलं, 'दर वेळी घरची एक आठवण द्यावी.' दिली की नाही, कोण तपासणार? ताई म्हणाली, भलताच कामचुकार आहेस.

मंगळवार, ११ तारीख

चाचणी झाली. मी जिंकलो, आणि अंदाजानं नाही. मालकांच्या हातातले पत्ते मला त्यांच्या डोक्यातून ऐकू आले, त्यांच्याच आवाजात. मालक खूश. मला वाटलं, नशीब उघडलं.

संध्याकाळी आईचा फोन. झोपाळ्यावरून पडून माझा दात तुटला होता, ती गोष्ट काढून हसत होती. मला झोपाळाच आठवेना. हो हो म्हटलं. जिभेनं चाचपून पाहिलं, दात तुटका आहे.

शुक्रवार, १४ तारीख

आता खेळ नसतानाही, फासे न टाकता ऐकू येतं. मालकांच्या मनातलं, पाववाल्याच्या मनातलं, नको असताना. आणि दर वेळी काहीतरी जातं. आज वडील गेले. म्हणजे वारले ते आधीच, पण आज चेहरा गेला. फोटोत एक मिशीवाला माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे.

रविवार, १६ तारीख

पत्त्यावरची ओळ खोडून 'दमणूक' लिहिलं. काही उपयोग नाही. ताईला सगळं सांगितलं. तिनं चेष्टा केली नाही. एवढंच म्हणाली, "घरी जा. आजच्या आज जा."

मनात म्हणत होती, पट्टी सोडल्यापासून मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, हे याला कळलं तर?

तिकीट काढायला गेलो. खिडकीतला विचारतो, कुठलं देऊ. मी उभा. गावाचं नाव — मागच्या रांगेतले सगळे मनात शिव्या घालत होते. प्रत्येकाची वेगळी. प्रत्येक शिवीगणिक माझं काहीतरी —

बुधवार

कानात बोळे घातले. कानातून येतच नाही ते.

धाकटी बहीण होती. आहे. तिचं नाव 'स' — नाही.

शुक्रवार असावा

फोन. एक बाई. बाळा म्हणते, जेवलास का विचारते. तिचं सगळं ठीक आहे म्हणते. मनात — गोळ्या संपल्या, पोराला कसं सांगू, त्याचंच तिकडे कसंबसं —

मी विचारलं, आपण कोण. तिनं पुन्हा बाळा म्हटलं. मग रडली. फोन ठेवला तरी ऐकू येतं.

तिचा मुलगा लांब कुठेतरी कामाला आहे. कसला मुलगा असेल —

तो काही करेल तेव्हा करेल. पगार हातात आहे. भाड्याचं बघू मागाहून. नंबर फोनमध्ये आहे, त्यावर पाठवतो, गोळ्यांना पुरतील — सगळे साडेसात हजार.