पाइप धरायचा वाईस

माय, सकाळी भंगारवाल्याला आत बोलावलं आणि तसंच परत पाठवलं. पडवीतला तो वाईस त्याने हलवून पाहिला, "काका, याले दोन मानसं लागतीन," म्हणाला, आणि मला एकदम तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तू जाऊन किती वर्षं झाली. माझेही केस पिकले. पण तुझी आठवण आली की मी अजून खाली मान घालूनच उभा असतो.

बाबांचं वेल्डिंगचं काम म्हणजे अल्लीपूरच्या आजूबाजूच्या भाजीच्या वाड्यांमधलं. विहिरींवर मोटारी बसू लागल्या होत्या. पाइप फुटला की वाडीवाला बैलबंडी घेऊन दारात हजर. बंडीत मशीन आणि मशीनशेजारी तू. पाइप पडला गोल, जमीन काळी, भेगाळलेली. दोन तोंडं जुळवली की तो घरंगळायचाच. म्हणून तू ओलं पोतं गुंडाळून तो दोन्ही हातांनी दाबून धरायचीस. वेल्डिंगचा उजेड अडवायला काळी काच एकच, ती बाबांच्या हातात. "फिरव जराशी... थांब!" एवढंच ते बोलायचे. तू तोंड वळवून डोळे गच्च मिटायचीस, पण न बघता पाइप फिरवणार कसा, म्हणून मधूनच उघडायचीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपुढे बसली आहेस, एका डोळ्यावर बटाट्याची चकती फडक्याने बांधलेली, दुसरा मिटलेला. भाकर अंदाजाने तव्यावर टाकतेस आणि मला विचारतेस, "पाह्य बरं, फुगली का रे?" मी हो म्हणतो आणि शाळेत निघून जातो.

नागपूरला बँकेत लागलो तेव्हा पहिलं हेच ठरवलं की तुझी यातून सुटका करायची. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. लोखंडी सामानाच्या दुकानात दुकानदाराने दोन वाईस पुढे ठेवले. एक तिपाईवरचा. तीन पाय उघडायचे, पाइपाला साखळी गुंडाळून आवळायची. "वावरात न्यायचा असन तर हाच घ्या," असं तो सांगतही होता. दुसरा ओतीव लोखंडाचा, हिरवागार, धिप्पाड, लाकडी बाकावर बोल्ट मारून बसवायचा. आपल्याकडे लोखंड घ्यायचं तर आधी हाताने तोलायचं. कढई असो की विळा, जड तेच टिकाऊ. मीही दोन्ही तोलून पाहिले. साखळीवाला मला सायकलच्या चेनचा खेळ वाटला. मोठ्या तोऱ्यात जड तो घेतला, पोत्यात बांधून एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, "काय भरलं राजेहो, गिरडचा पहाड आनला का?" मला त्याचाही अभिमान वाटला, काय सांगू!

बाबांनी पोतं सोडलं, भोवती एक फेरी मारली. "नाकापक्षा मोती जड," म्हणाले. "वावरात बाक कुठून आनू? बदलून आनजो." दुकानदार आठ दिवसांत बदलून देणार होता. पण वेल्डिंगवाल्याच्या पोराला वाईस निवडता येत नाही, हे कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "दुकानात हाच एक होता." तू म्हणालीस, "राहू द्या जी. पोरानं मनानं आनलं. मी आहो ना धरायले."

आणि तू धरत राहिलीस, आणखी सहा-सात वर्षं. मी महिन्याकाठी घरी यायचो, तुझे लाल डोळे बघायचो. दुसरा वाईस आणावा तर खोटं उघडं पडणार. कितीदा त्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि मागे फिरलो. मग तुला डाळीतला खडा दिसेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, वयाचं असेल, त्या उजेडाचंही असेल, आता कसं सांगायचं. तुझा हात धरून नुसता बसून राहिलो.

दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. तो वाईस एक दिवसही कामाला आला नाही, पण हळदकुंकू आधी त्याला. शेवटी शेवटी तू भिंतीला धरत पडवीत यायचीस, ते थंड लोखंड चाचपायचीस आणि शेजारणीला सांगायचीस, "माह्या लेकानं आनला. दुकानात एकच होता म्हने, तोई यानं सोडला नाई." मी तिथेच उभा असायचो. झेंडूची फुलं तुझ्या हातात द्यायचो.

हे सगळं कागदावर लिहून, घडी करून त्या वाईसच्या जबड्यात ठेवावं म्हटलं, पण दांडा गंजलाय, दोन्ही हातांनी जोर लावला तरी फिरत नाही. तसंही तुला वाचता कुठे येत होतं. कागद खिशात घालून पडवीतच बसलो आहे. माय, दुकानात दोन होते. दुसरा तुला एका हाताने उचलता आला असता.