काळ्या कापडातला पांढरा धागा

जिनिंग संस्थेच्या सभासदांनो, परदेशी बाजारात आपला कापूस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्त विकला जातो, ही तुमची-माझी जुनी जखम. म्हणून हे मृत्युपत्र माझ्यामागे घरच्यांआधी तुमच्यापुढे वाचलं जावं. मी, या संस्थेचा संस्थापक, ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जिभेचा तुम्ही द्याल.

राहतं घर पत्नीच्या हयातीत तिचं, नंतर मुलाचं. पुस्तकं वाचनालयाला द्यावीत. मुलगा त्यांच्यावर चहाचा कप ठेवतो.

श्रीमंत देशांची सरकारं आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देऊन जगाचा भाव पाडतात, यावर मी जन्मभर भाषणं ठोकली. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण आपल्या कापसाच्या गाठींत प्लास्टिक त्या सरकारांनी घातलं नाही. वेचणीसाठी मी सुती झोळ्या शिवून घेतल्या होत्या. मुलानं त्या मोडीत काढल्या आणि खताची रिकामी प्लास्टिकची पोती वाटली. पोत्यांचे धागे सुटले, कापसात मिसळले, सुतात गेले. कापड काळं रंगवलं, तेव्हा त्या धाग्यांनी रंग घेतला नाही. परदेशी गिऱ्हाइकानं ते पांढऱ्या रेघांचं कापड आपल्याला परत पाठवलं.

"बाबा, एका धाग्यानं काय जहाज बुडतं का?" मुलगा म्हणाला.

बुडालं नाही. आपला माल न घेता गेलं.

तेच गिऱ्हाईक या हंगामात एकदाच नमुन्याच्या गाठी घेणार आहे. पुन्हा धागा सापडला, तर ते दार कायमचं बंद. म्हणून जिनिंगच्या फाटकाची किल्ली आणि माल नाकारण्याचा माझा अधिकार मी सूनबाईला देतो.

हे ऐकून मुलगा तिला म्हणाला, "बाईमाणसानं फाटकावर उभं राहणं शोभतं का?"

"आणि तुम्ही पोती वाटलीत, ते शोभलं का हो?"

परत आलेलं ते काळं कापड माझ्या देहावर घालावं. हार नकोत. मुलानं खांदा द्यावा. धागे त्याला जवळून दिसतील.

आणि सभासदांनो, सूनबाईच्या पाठीशी उभे राहा. प्लास्टिकच्या पोत्यांत कापूस घेऊन येणारी पहिली गाडी फाटकातून परत पाठवा. ती माझ्या मुलाची असेल.

सही: संस्थापक

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. वजनकाट्यावरचा कारकून (यानं मुलाच्या डोळ्यांदेखत सही केली, याची नोंद असावी).

ठिकाण: वजनकाट्याची खोली
दिनांक: वेचणीचा आदला दिवस