टँकरपुढं मी बसले होते

मीनाक्षीबाईंना जय भीम,

सगळ्यांत आधी शेजारची सोजर आली, तुमचं बायांचं मासिक घेऊन. दारातूनच म्हणाली, "वैदेहीबाई, चहा टाका." मला काय कळंना. मग अक्षर अक्षर लावत वाचलं. या दुष्काळात ठेकेदारानं आमच्या वस्तीचा टँकर नव्या हॉटेलाकडं वळवला, तवा मी रस्त्यात बसून अडवला, ते सगळं माझ्या नातीनं, रूपानं, लई बेस लिहिलंय. तुमच्याकडं शिकायला आलेली पोर, अन् तिचं नाव वर ठळक छापलंय. ऊर भरून आला. पण माझ्या जागी वैदेही. आमच्यात सात पिढ्यांत कुणी वैदेही नाय.

दुपारी रूपा तुमच्या फोटो काढणाऱ्या हिमानीला घेऊन आली. म्हणे, "आजी, तुला त्रास नको म्हणून नाव बदललं. पुढच्या अंकाला फोटोबी पाठमोराच घेऊ."

ठेकेदार मला नाव घेऊन शिव्या देतो. मग लपवलं कुणापासून? पोरीच्या नावाला भीती नाय, माझ्याच नावाला हाय? मला विचारायचं तरी.

हे धाडलं तर रूपाला बोलणी बसतील, म्हणून उशाखाली ठेवते. पाठमोरी बसणार नाय, हे मातर दोघींना सांगितलंय. बुधवारी परत येतो म्हणाल्या.

कडूबाई अप्पाराव साळवे