आठव्या महिन्यातला देव

मल्लिकार्जुनअण्णा, तू पत्रात लिहिलंस की अंडी फोडणाऱ्याच्या बायकोच्या पोटाला आपल्या घरात इष्टलिंग बांधायचं नाही, आणि स्वामींनाही तसं कळवून मोकळा झालास. याचं उत्तर मी पत्रानं दिलं तर तू निम्मं वाचून चुलीत घालशील. म्हणून मृत्युपत्र लिहितोय. ते पुरं वाचावं लागतं, आणि मधी बोलून उपयोग नसतो, कारण पलीकडं कुणी नसतं.

मी सिद्धप्पा चन्नप्पा हत्तुरे, वय चोवीस, धंदा नोकरी, मूळ राहणार कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, हल्ली मुक्काम दिल्ली, असं लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तुला हे पटणार नाही. पण इथल्या डॉक्टरची तक्रार माझ्या पोटाबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. मी नशापाणी केलेलं नाही, मला कुणी दम दिलेला नाही. कायद्याची वाक्यं इथल्या विद्यापीठातल्या हिंदुराव सरांनी सांगितली तशी लिहिली आहेत. बाकीची माझी आहेत. मी चौथी पास आहे, तेव्हा शुद्धलेखन बघू नये.

कारण असं की पोटात गाठ आहे, ती सोमवारी काढणार. शिवम्माच्या पोटात पोर आणि माझ्या पोटात गाठ, असा हा आमचा संसार. ज्यांच्या हाताखाली मी काम करतो त्या दाक्षायणीबाई म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. पण त्या हे म्हणताना माझ्याकडं बघत नव्हत्या.

हे मृत्युपत्र अव्वासमोर, म्हणजे आपल्या आईसमोर, मोठ्यानं वाचावं. अव्वाला वाचता येत नाही, आणि तिच्या नावानं तू जे लिहून पाठवतोस ते तिचं असतं की तुझं, हे मला इथून कळत नाही. ट्रकवाल्या ज्ञानबानं गावात अंड्यांचा बोभाटा केल्यापासून तिचा एक शब्द आलेला नाही.

आधी ज्ञानबाचं मिटवतो. माझी सायकल त्याच्याकडंच आहे, ती त्यालाच द्यावी. मागितली तरी देणार नव्हताच. तो चादरींचा ट्रक घेऊन इकडं आला तेव्हा मीच त्याला कौतुकानं आत नेऊन सगळं दाखवलं, म्हणून माझीही चूक आहे. तो उबवणीच्या कपाटात डोकावून म्हणाला, "आरं सिद्ध्या, ही पोल्ट्री हाय व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय, विद्यापीठ हाय."

"मग कोंबड्या काय बी.ए. करत्यात का हितं?"

मी हसलो. हसलो नसतो तर बरं झालं असतं. गावात जाऊन त्यानं विद्यापीठ गाळलं आणि अंडी तेवढी सांगितली.

तर अण्णा, मी इथं काय करतो ते ऐक. बाई प्राणिशास्त्राच्या. पिल्लू अंड्यात कसं घडतं ते त्या बघतात. सर भाषा विभागात मराठी शिकवतात, आणि बायकांची गाणी तोंडी कशी टिकतात ते शोधतात. दोघांनी मिळून एकच काम मांडलंय, आठवणीचं. विद्यापीठातले लोक हसतात. कँटीनमध्ये बाईंना विचारतात, काय, पिल्लं पाळणा म्हणायला लागली का? पण बाईंचं म्हणणं साधं आहे. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच. त्यातली एक डोळा होते, एक पाय होते. एकदा पाय झाली की पायच राहते. हे तिला आठवतं कसं? सरांचं म्हणणंही तसंच. आपल्या गल्लीत कुणी लिहिलेलं नाही, छापलेलं नाही, तरी गाणं आजीकडून नातीकडं जातं. कसं जातं?

बाई अंड्याला खिडकी पाडतात. म्हणजे नखाएवढं कवच कापायचं, आत काम करायचं आणि वर मेण लावून पुन्हा उबेला ठेवायचं. कवच कापायचं काम आता माझ्याकडं आहे. अंडं धरायचं कसं, आत तुकडा पडू द्यायचा नाही, हे बाईंनी महिनाभर हात धरून शिकवलं. मी किती अंडी नासली ते त्यांनाच माहीत. मी शुक्रवार पेठेत मागावर टिकलो नाही, दुष्काळात खडी फोडायला गेलो तिथून पळालो, नव्या पेठेत बाईंच्या भावाच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलले तिथंही मालकाशी भांडलो, तेव्हा बाईंनी मला इकडं आणलं. तू म्हणायचास, ह्याच्या बुडाला भोवरा आहे. खरं होतं. पण अंड्यातला तो लाल ठिपका, पिल्लाचं काळीज, उडायला लागला की मी हलत नाही. जेवायचंसुद्धा विसरतो. हे चांगलं की वाईट मला ठरवता येत नाही.

एकदा बाईंनी पिल्लाच्या मांडीच्या जागचा कण उचलला आणि पंखाच्या टोकाला लावला. पुढं त्या पंखाच्या टोकाला पायाची बोटं आली. मांडी आली नाही, पंखही आला नाही. बाई म्हणाल्या, "बघ, आपण पायाचे, एवढं त्याला आठवलं. मांडीचे, हे विसरलं. शेजार बघून टोकाचं झालं." मी ते बराच वेळ बघत बसलो. हे लिहिलं ते तुला कळावं म्हणून, की इथं नुसती अंडी फोडत नाहीत.

आता जे तुला माहीत नाही ते लिहितो. ज्ञानबालाही माहीत नाही. अंड्याला हात लावायचा म्हणून मी रोज सकाळी गळ्यातलं लिंग काढून कपाटात ठेवायचो. देव विटाळू नये म्हणून. अंगावरनं देव उतरवणं हे अंड्यापेक्षा मोठं पाप, हे कुंभारीतलं शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही. मी मोठ्या शहाणपणानं लहान पाप टाळलं आणि मोठं रोज केलं.

एका सकाळी बाईंनी ते बघितलं. त्याही आपल्यातल्याच, नव्या पेठेतल्या. त्यांच्या गळ्यात असतं, पदराआड.

"काढतोस कशाला रे?"

"अंडी आहेत की, बाई."

"तुझ्या आईच्या पोटाला आठव्या महिन्यात हे बांधलं, तेव्हा तू काय होतास? अजून श्वाससुद्धा घेतला नव्हतास. ह्या अंड्यातल्यासारखाच होतास की. तेव्हा देवाला तुझा विटाळ झाला का?"

सर तिथंच होते. त्यांच्यात हे नसतं, म्हणून बाईंनी त्यांना समजावलं, की आमच्यात पोर पोटात असतानाच आठव्या महिन्यात स्वामी येतात आणि पोरासाठी आईच्या अंगाला लिंग बांधतात. जन्मल्यावर तेच पोराचं होतं आणि मातीत जाईपर्यंत त्याच्याजवळ राहतं. सर खूश झाले. म्हणाले, म्हणजे तुमच्यात माणूस होण्याआधीच माणूस धरतात.

मी म्हटलं, "मग बाई, मी रोज काय फोडतो?"

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. थोड्या वेळानं परत उचलली. त्या दिवसापासून मी देव काढत नाही, आणि अंडीही सोडलेली नाहीत. दोन्ही गळ्यात आहेत. अण्णा, तू मला शिव्या देतोस त्या कमीच आहेत. फक्त तू चुकीच्या गोष्टीसाठी देतोस.

अव्वाचा गुन्हा वेगळा. मे महिन्यात सर आणि बाई गाणी टेपवर घ्यायला घरी आले होते, आठवतं? अव्वानं बाईंना विचारलं, "तुमी काय शिकवता वो?" बाई सांगणार तोवर मी मधी तोंड घातलं, "बाई बी पुस्तकंच लिवत्यात." बाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. अव्वानं त्यांची ओटी भरली. मग डोक्यावर पदर सारखा करून आठव्या महिन्याचं गाणं म्हटलं, पोटातल्या बाळाला ऐकवतात ते:

आतल्या पाहुण्या, नको करू घाई
तुझ्या आधी देव आला, दारी बसला बाई

पुढची ओळ तिला आली नाही. तिथं ती नुसतं गुणगुणली आणि चौथीवर गेली. सरांनी गल्लीतल्या आणखी तिघींना म्हणायला लावलं. तिघीही तिथंच गुणगुणल्या. सर टेप पुन्हा पुन्हा लावून म्हणत होते, "सिद्धप्पा, चौघी एकाच जागी विसरल्यात. म्हणजे हे विसरणंसुद्धा आयांनी शिकवलंय." अव्वा मात्र वरमली. म्हणाली, "म्हातारी झाले की रं, पाव्हण्यांपुढं लाज गेली." अव्वा, तुझी लाज गेली नव्हती. लाज घालवणारा मी होतो. तू ज्या हातावर साखर ठेवलीस त्याच हातानं मी काय करतो, हे तुला माझ्याकडून कळायला पाहिजे होतं.

त्या टेपची एक प्रत सरांनी मला दिली आहे. ती माझ्या मुलाची किंवा मुलीची. आपल्याकडं वाजवायचं यंत्र नाही, सर सुट्टीत येताना आणतील. त्यात अव्वा जिथं गुणगुणते तिथं कुणी शब्द घालू नयेत. सरांनीही नाही.

घराचं असं. माझ्या वाट्याची मागची खोली आणि अंगणातली लिंबाखालची जागा शिवम्माची. पुढची खोली तुझी, अण्णा. तुला तिथं दुकान टाकायचंय आणि मी तीन वर्षं आडवा आलो, ते नुसतं तू मागितलंस म्हणून. आता टाक. या खोलीला मी अट घालणार होतो, की आधी शिवम्माच्या पोटाला लिंग बांध आणि मग खोली घे. सर म्हणाले, अट घालता येते. मी लिहिलीही होती. मग वाटलं, खोली देऊन पोराचा देव विकत घ्यायचा म्हणजे मी तुझ्यापेक्षा खालचा झालो. तो कागद फाडला. खोली तुझीच, तू काहीही केलंस तरी.

शुक्रवार पेठेतल्या कारखानदारानं मागाचा धोटा तुटला म्हणून माझ्या मुस्कटात मारली होती. त्याला माझ्याकडून काही नाही. धोटा मीच तोडला होता, पण तरी नाही.

पोस्टातली शिल्लक, रेडिओ आणि दोन घोंगड्या शिवम्माला. शिवम्मा, मी लग्नानंतर तुझ्याजवळ राहिलो ते दिवस बोटावर मोजता येतील, आणि त्यातही निम्मे मी अंड्यांच्या गोष्टी सांगून घालवले. तुला आधीपासून सगळं माहीत होतं आणि तू घरात कुणाला बोलली नाहीस. त्याबद्दल अण्णानं तुला बोल लावू नये. पुढं तू उडकी करून दुसरं घर मांडलंस तर कुणी नाव ठेवू नये. ठेवलं तर हा कागद दाखवावा. पोराला एवढं सांग, की बाप पळपुटा होता, पण एका जागी टिकला होता.

बाई आणि सर साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून त्यांना काही ठेवत नाही. तसंही कात्री विद्यापीठाची आहे.

माझं काही झालं तर प्रेत गावाकडं आणू नये. गाडी दौंडला बदलावी लागते, तिथं हाल होतील. इथं बसवून पुरावं, जाळू नये. ऑपरेशनच्या टेबलावर अंगावर काही ठेवू देत नाहीत. तेवढा वेळ माझं लिंग बाई मुठीत धरून दाराबाहेर बसतील. तसं त्यांनी कबूल केलंय. मी उठलो नाही तर त्यांनीच ते माझ्या डाव्या तळहातावर ठेवावं. अंडी कापणाऱ्या हातानं ठेवलेलं चालतं का, असं कुणी स्वामींना विचारायला जाऊ नये.

आता एकच राहिलं. माझ्या चुका माझ्या आहेत, त्या पोटातल्याच्या नाहीत. त्यानं अजून काहीच केलेलं नाही. त्याला अजून काही आठवतसुद्धा नाही. कार्तिक संपला की शिवम्माला आठवा लागेल. अण्णा, तू बांधू दिलं नाहीस तर मी इथून तुला अडवू शकत नाही, आणि वर गेलो तर तिथूनही नाही. म्हणून हे तुला सांगत नाही, अव्वाला सांगतो. अव्वा, स्वामींना तू बोलाव. तुझं घर आहे. माझं तोंड बघू नकोस, पण तेवढं कर.

हे सर्व मी राजीखुशीनं लिहिलं, सरांनी मला वाचून दाखवलं, ऐकून सही केली.

सिद्धप्पा चन्नप्पा हत्तुरे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
दाक्षायणी कोरे (सही)
हिंदुराव काशीद (सही)

मुक्काम दिल्ली, गुरुवार, ता. २१ नोव्हेंबर १९७४

सहीनंतर लिहितोय, सर म्हणाले चालतं. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होतं. मी जगलो तर हे सगळं सरांच्या कपाटात पडून राहील, आणि आठवा महिना काही माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून पैसे आजच पाठवतोय. मनीऑर्डर अव्वाच्या नावानं आहे. कुपनावर लिहिलंय, पोस्टमननं ती तिच्याच हातात द्यावी, तिचाच अंगठा घ्यावा आणि पैसे कशाचे ते तिला वाचून दाखवावं. पोराचं लिंग ठेवायची लहानशी चांदीची डबी, ती बांधायचा शिवदोरा आणि स्वामींची दक्षिणा मिळून, रुपये एकशे पंचवीस.