मनोऱ्यावरचं सिमेंट

६ मे, सोमवार

पडला! पुन्हा एक तुकडा पडला! चर्चच्या मनोऱ्याच्या दक्षिण अंगाचा, चांगला थाळीएवढा. बेंग्टसनबाईंच्या नवऱ्याच्या थडग्यावरच. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

उचलून पाहिला. सिमेंट अजून टणक. पण त्याच्या पाठीला चिकटून आलेला दगड बोटानं चुरला तर पीठ झाला! आठशे वर्षं उभा होता हा दगड. पन्नास वर्षांत मेला.

हिल्डिंगची कृपा. दुसऱ्या कोणाची?

१२ मे, रविवार

प्रार्थनेनंतर सभागृहात नेहमीची कॉफी. हिल्डिंग आला काठी टेकत, पाय ओढत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा घोडा, पण केशरी केकचे तीन तुकडे हाणले. मी सगळ्यांचे कप भरले आणि त्याच्यापाशी आल्यावर किटली टेबलावर ठेवून दिली. घे हातानं! चर्चची राखण माझ्याकडे आल्यापासून हाच नेम आहे माझा.

“गेर्डा, तुझी किटली माझ्यापाशी आली की नेमकी जड होते बघ,” म्हणाला. सगळे हसले. हसा मेल्यांनो!

मग मी मुद्दाम बाबांची गोष्ट काढली. मी ती काढली की सगळे आपापल्या कपात बघत बसतात. लाज वाटते, दुसरं काय! ह्यांचेच आईबाप त्या दिवशी हसले होते.

१९६८. बाबा गावातले शेवटचे चुना भाजणारे. गावाच्या सभेत मनोऱ्याला सिमेंटचा गिलावा द्यायचं निघालं, तेव्हा उठून म्हणाले — “भिंतीला श्वास घेऊ द्या. चुना पाणी पितो आणि सोडूनही देतो. सिमेंट ते कोंडून ठेवतं. थंडीत त्याचा बर्फ होईल आणि दगड फुटेल.” तर हा हिल्डिंग, सत्तावीस वर्षांचा, शहरातून नवी विद्या शिकून आलेला गवंडी — “आल्गोत, भट्टीचा धूर डोक्यात गेलाय तुझ्या!” अख्खी सभा खदखदली. मी अकरा वर्षांची, दाराशी बाबांची टोपी धरून बसले होते. ती टोपी मी चुरगाळून टाकली.

त्या वर्षी भट्टी विझली. आणि त्या उन्हाळ्यानंतर बाबा चर्चमध्ये आले नाहीत. नाताळला नाही, माझ्या लग्नालासुद्धा नाही! फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले. ८४ साली आले ते पेटीतून.

हिल्डिंगला देवानं शिक्षा केली म्हणा. त्याच जुलैत मनोऱ्याच्या परांचीवरून खाली आला, पायाचे तीन तुकडे. मी उन्हाळाभर शेजारच्या फोरो बेटावर मावशीकडे होते, बघायला मिळालं नाही! तरी मनोरा ऑगस्टअखेर पुरा झालाच. सैतानाची कामं कधी अडत नाहीत.

२० मे, सोमवार

विस्बी शहरातून जुन्या इमारतींची जाणकार बाई आली. इल्वा. विजार चुन्यानं पांढरी, हातात छोटी हातोडी. ठोकायची आणि भिंतीला कान लावायचा, डॉक्टरासारखा. दुपारी म्हणाली, “आतून भिजून गच्च आहे. दोन बाजूंना घडीव दगड, मधे खडी आणि चुना. सिमेंटनं सगळं पाणी आत कोंडलंय. काढायला हवं. मग पुन्हा चुना.”

बाबांचंच बोलणं! शब्दन्‌शब्द! तिची पापीच घेणार होते मी.

३ जून, सोमवार

आज चर्च समितीची बैठक. मी रात्रभर वाक्यं पाठ करून गेले होते. आणि हा हिल्डिंग उठतो काय, म्हणतो काय — “चूक माझी. काढा.” बस! माझ्या तोंडचा घासच काढून घेतला की!

पण मग म्हणाला, “फक्त अगदी वरची, छपराखालची पट्टी राहू द्या. तिथं पाऊस लागत नाही. शाबूत आहे.”

अस्सं! चोराच्या मनात चांदणं! गिलाव्याचा शेवटचा थापा मारणाऱ्यानं ओल्यातच वर आपल्या घराची खूण आणि साल कोरायचं, ही आमच्या बेटावरची रीत. लिहितावाचता येत नव्हतं तेव्हापासून घराघराची खूण ठरलेली. अवजारांवर, होड्यांवर, मेंढ्यांच्या कानांवर तीच. हिल्डिंगच्या घराची खूण बाण. म्हाताऱ्याला आपला बाण वाचवायचाय!

मी उठले. म्हटलं, “सगळं निघालं पाहिजे. आणि खुणेचा आधी फोटो काढायचा. चौकटीत घालून, खाली नाव लिहून, सभागृहात कॉफीच्या टेबलावर लावायचा. मनोऱ्याची वाट कोणी लावली ते पोराबाळांना कळू दे!”

“गेर्डा, नको,” हिल्डिंग म्हणाला. एवढंच. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे गयावया!

बेंग्टसनबाई, पाद्रीणबाई, दोघीही विरुद्ध. तरी चार विरुद्ध तीन. ठराव माझा!

४ जून

काय झोप लागली!

२१ जून

उन्हाळ्याच्या सणाला गावानं फुलांचा खांब उभारला, नाचले सगळे. हिल्डिंग फिरकला नाही. बरंच झालं.

१७ जुलै, बुधवार

सिमेंट उतरतंय. धूळ, ठणठणाट, आणि आत ओला काळा दगड. इल्वानं मला वर बोलावलं. जुन्या चुन्यात बोट ओढल्याची एक रेघ होती. आठशे वर्षांपूर्वीच्या कोणा गवंड्याची. तिच्यात माझं बोट नेमकं बसलं. तिथंच रडले मी. बाबांना हे दाखवायला हवं होतं.

खाली उतरले तर फाटकाबाहेर हिल्डिंग. टोपी हातात.

“का रे? आत यायची लाज वाटते?”

“तुझे बाबा इथंच उभे राहायचे,” म्हणाला.

“त्यांचं नाव घेऊ नकोस त्या तोंडानं!”

गेला पाय ओढत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! मी सरळ विस्बीला फोन लावला आणि ओकच्या लाकडाची चौकट सांगून टाकली. चांगली मोठी.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज छपराखालची पट्टी. इल्वा फोटो घेऊन खाली आली. “तुम्ही बाण म्हणाला होतात ना? हा बाण नाही.”

बाण नाहीच. दोन पायऱ्यांची शिडी आणि वर गळासारखा आकडा. खाली १९६८, ऑगस्ट.

माझ्या दाराला बाबांचं चुना ढवळायचं जुनं फावडं टांगलंय. त्याच्या दांड्यावर हीच खूण आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

११ ऑगस्ट, रविवार

हिल्डिंग आज कॉफीला आला नव्हता. किटली आणि तो फोटो घेऊन त्याच्या घरी गेले, गावातून, ॲप्रनसकट. त्यानं दार उघडलं, फोटो पाहिला, आणि कपाटातून दोन कप काढले.

म्हणाला, “मी इस्पितळात, घरात दोन तान्ही, मनोरा अर्धा उघडा, थंडी तोंडावर. आल्गोत म्हणाला, देवाचं घर उघडं ठेवायचं नसतं. ज्याला शिव्या घातल्या तेच सिमेंट त्यानं स्वतः कालवलं, महिनाभर. त्या कामाची मजुरी माझ्याच घरी पोचवली. आपल्याच हातानं देवाचं घर कोंडलं म्हणून पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. आणि अख्ख्या गावाकडून वचन घेतलं — ‘माझ्या पोरीला सांगू नका. माझ्यासाठी टोपी चुरगाळणारी ती एकटीच होती.’”

त्याचा कप मी भरला.