‘पाहिलं’ लिहिलेल्या बारा बाटल्या

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून हसू नकोस. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. हाताशी जाड पेन होतं, तेच घेऊन बसलोय. तुझी आई बाहेर गेली आहे. ती यायच्या आत हे संपवायचंय, कारण ती समोर असली की मी भलतंच काहीतरी बोलत बसतो. आधी घरची खबरबात. तिचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. या घरात नवऱ्याआधी किड्यांना जेवायला मिळतं, हे पालुपद चालूच आहे. मागच्या खोलीत बरण्या बुडबुडतायत. शेवाळाचं हिरवं पाणी यंदा चांगलं दाट झालंय आणि ते खाऊन कोपेपॉड, आपले ते कणाएवढे पाणकिडे, फोफावलेत. निदान मला तसं वाटतं.

गुरुवारी तू तुझ्या मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीत कोपेपॉड सोडणार, हे डोक्यातून जात नाही. दोन लाख लिटर पाणी आणि आठ महिने जिवापाड जपलेली प्रवाळं. दिवे मालवायचे, पंप थांबवायचे, आधी हिरवं पाणी ओतायचं आणि मग नळीनं खडकांच्या फटींत कोपेपॉड सोडायचे, म्हणजे माशांनी फडशा पाडायच्या आत ते दडून बसतील आणि तिथंच वाढतील. तुझे ते नखरेल रंगीत मासे जिवंत कोपेपॉडशिवाय कशालाच तोंड लावत नाहीत. माल बाबांकडूनच येईल, असं तू साहेबांना छातीठोकपणे सांगितलंस. फोनवर ते ऐकून मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र त्या दिवशी बरण्यांकडे फिरकलो नाही.

गेल्या महिन्यात आपले जुने गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, घरी आले होते. त्यांच्या टाकीतल्या दगडांवर हायड्रॉइड माजलेत. काचेसारखे पारदर्शक, दोऱ्याएवढे जीव, पण डंख असा की समुद्रघोड्यांची सगळी पिल्लं चार दिवसांत मेली. एकदा ते खडकात शिरले की निघत नाहीत, टाकी रिकामी करावी लागते, हे तुला मी सांगायला नको. डॉक्टरांनी माझीच बाटली परत आणली होती. बिचारे ओरडले नाहीत. तिच्यातला थेंब माझ्याच भिंगाखाली ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी वाकून बघितलं. मला काहीच दिसलं नाही, भिंगरी. तरी मी मान हलवली, हो हो, आहेत खरे, असं म्हणालो.

मग कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्या पोरीएवढ्या बाई होत्या, पण बोलणं सरळ. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसेल, समोरचं जात राहील. सुया घेतल्या तर उरलंय ते कदाचित टिकेल, गेलेलं परत यायचं नाही. चष्मा बदलून काही होणार नाही का, असं मी तीनदा विचारलं. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. ती मला कपाबाहेर चहा ओतताना बघते आणि वेंधळा म्हणते, मीही तिला म्हणू देतो. भीती वाटते ग. आंधळं होण्याची वाटते, पण त्याहून जास्त बरण्यांच्या त्या खोलीची. कुठल्या बरणीत काय वाढतंय ते मला कळत नाही. वास घेतो, रंग बघतो, बरणी उजेडात धरतो आणि सगळं ठीक आहे असं स्वतःलाच पटवतो.

तू नऊ वर्षांची असताना हवेचा पंप बंद केलास आणि सगळ्या बरण्या मेल्या. संध्याकाळी तू स्वतःहून येऊन सांगितलंस, घाबरली होतीस, तरी सांगितलंस. मला मात्र या आठवड्यात तीनदा फोन करून तुझ्याकडे पाऊस आहे का, एवढंच विचारता आलं. माल पाठवायला नाही म्हणायला हवं होतं, तेही जमलं नाही. तुझ्या तोंडून ‘बाबांचा माल’ ऐकायची चटक लागलीय मला.

कुरियरवाला चारला येईल. हे पत्र मी खोक्यात बाटल्यांच्या वर ठेवतोय, म्हणजे झाकण उघडलं की आधी हेच तुझ्या हाती येईल. इतरांचा माल तू तीन दिवस वेगळा ठेवून भिंगाखाली तपासतेस. माझा मात्र लेबलावरचं ‘पाहिलं’ आणि खाली माझी सही बघून थेट ओततेस, मला माहीत आहे. यातली एकही बाटली तपासल्याशिवाय ओतू नकोस. गुरुवार टळला तर टळू दे, साहेब रागावले तर माझं नाव सांग. बाराही बाटल्यांवर मी सवयीनं सही केली आहे, आणि चार महिन्यांत मी एकही थेंब पाहिलेला नाही.

तुझाच,
घाबरलेला बाबा